घर एक युरोत, पण राहणार कोण?

स्क्रोल करता करता ते रील तुम्हालाही कधी तरी दिसलं असेल. डोंगरावरचं दगडी गाव, खिडकीत लाल फुलं, मागे व्हायोलिन आणि स्क्रीनवर अक्षरं उमटतात : 'इटलीत घर, किंमत फक्त एक युरो!' म्हणजे कॅन्टीनमधल्या वडापाव-चहाला लागतात जवळपास तेवढेच पैसे. आपण ते लगेच ग्रुपवर टाकतो, 'चला रे, बॅगा भरा' असं लिहितो, चार इमोजी येतात आणि विषय तिथेच संपतो.

रील खोटं नाही, पण अर्धवट आहे. सिसिली बेटावरच्या सालेमी गावाने २००८ मध्ये ही घोषणा केली आणि मग गांजी, मुसोमेली अशी बरीच गावं तिच्या मागे आली. घर खरंच एका युरोत मिळतं. पण छत बसलेलं असतं, जिन्याच्या अर्ध्या पायऱ्या गायब असतात आणि कागदपत्रांत अट असते की ठरलेल्या मुदतीत, बहुतेक ठिकाणी तीन वर्षांत, घर दुरुस्त करायचं. त्यासाठी अनामत रक्कम भरायची, मुदत चुकली की ती गेली. दुरुस्तीचा खर्च युरोच्या हजारांत जातो. थोडक्यात, एक युरो ही त्या घराची किंमत नाहीच, ती दारावर लावलेली जाहिरात आहे.

पण मुळात ही घरं रिकामी का पडली? आणि ती दुरुस्त केली की गाव परत जागं होतं का? याचं उत्तर शोधायला एक युरोची पाटी न लावताच उभं राहिलेलं एक गाव बघू या.

सांतो स्तेफानो दि सेस्सानियो. नाव लांबलचक, गाव एवढंसं. रोमच्या पूर्वेला आब्रुत्सो नावाचा डोंगराळ प्रांत आहे, तिथल्या ग्रान सास्सो पर्वतात हे गाव साधारण १२५० मीटर उंचीवर बसलंय. म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षा जरासं खालीच, फक्त इथे हिवाळ्यात बर्फ साचतो. १५७९ मध्ये फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याने हा मुलूख ताब्यात घेतला. हो, तेच मेदिची, मायकेलअँजेलोला पोसणारे. त्यांना या आडगावात काय रस? लोकर! इथल्या मेंढ्यांची 'कार्फान्या' नावाची काळसर, जाडीभरडी लोकर सैनिकांच्या गणवेशांना आणि ख्रिस्ती साधूंच्या झग्यांना लागायची.

इथले मेंढपाळ थंडी सुरू झाली की कळप घेऊन दक्षिणेला पुल्याच्या मैदानात उतरायचे आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत वर यायचे. आपल्याकडे देशावरचे धनगर पाऊस सरला की वाडे घेऊन कोकणात उतरतात, तसंच काहीसं. लाक्विला ते फोज्जा हा त्यांचा मेंढरांचा रस्ता दोनशे किलोमीटरहून लांब होता. या परंपरेला २०१९ मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली, पण तोवर तिच्यावर जगणारी माणसं केव्हाच पांगली होती. एकोणिसाव्या शतकात पुल्यातली चराईची जमीन नांगराखाली गेली आणि लोकरीचा धंदा बसला. हजारावर वस्ती असलेल्या गावातली माणसं आधी अमेरिकेला गेली, नंतर बेल्जियमच्या कोळशाच्या खाणींत, आणि मग रोमला. जो गेला त्याने दाराला कुलूप लावलं. एका घराचे वारस पुढे चार देशांत विखुरले, त्यामुळे घर विकायचं तरी सही कोणाकोणाची घ्यायची हा प्रश्न. हे तुम्हाला फारसं परकं वाटणार नाही.

१९९९ मध्ये दानिएले किलग्रेन नावाचा तरुण मोटरसायकलवरून फिरत इथे पोचला. वडील स्वीडिश, आई इटालियन आणि आईकडच्या घराण्याचा धंदा सिमेंटचा. (हे सिमेंट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.) त्याला गाव बघताक्षणी आवडलं, कारण तिथे त्याच्या घराण्याचा माल कुठेच नव्हता. सगळे निघून गेल्यामुळे कोणी स्लॅब टाकला नव्हता, गच्चीवर पत्र्याची शेड उभी केली नव्हती, ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसवल्या नव्हत्या. गरिबीने आणि स्थलांतराने गाव रिकामं केलं होतं आणि त्याच दोघांनी ते जसंच्या तसं राखूनही ठेवलं होतं.

त्याने एकेक करत पडकी घरं विकत घ्यायला सुरुवात केली. पण त्याबरोबरच गावच्या पालिकेशी बोलून एक गोष्ट ठरवून घेतली : गावात नवं बांधकाम होऊ द्यायचं नाही. माझ्या मते घरं विकत घेण्यापेक्षा ही जास्त हुशारीची चाल होती. एक वास्तू छान करायची आणि शेजारी चार मजली लॉज उभं राहताना बघत बसायचं, हे चित्र आपण इथे किती वेळा पाहिलंय!

आता दुरुस्ती. जुनं घर 'रिनोव्हेट' करायचं म्हटलं की तुमच्या-माझ्या डोळ्यांसमोर काय येतं? प्लास्टर, पांढरा रंग, फॉल्स सीलिंग. किलग्रेन आणि त्याच्या आर्किटेक्टने उलटं केलं. चुलीच्या धुराने काळ्या पडलेल्या भिंती तशाच ठेवल्या. झिजलेल्या पायऱ्या सरळ केल्या नाहीत. ऊब देणारी यंत्रणा जमिनीखाली गेली, वायरी भिंतींत लपल्या. बदलायलाच हवं तिथे त्याच भागातलं जुनं लाकूड, जुना दगड शोधून आणला. पेस्कारा शहरात आब्रुत्सोच्या लोकजीवनाचं संग्रहालय आहे, त्यातल्या अभ्यासकांना सोबत घेऊन म्हाताऱ्या माणसांना विचारलं, की तुमच्या लहानपणी पलंग कुठे असायचा, गादीत काय भरायचे, घोंगडी कशी विणायचे? मग लोकरीच्या गाद्या आल्या, हातमागावर कापड विणणाऱ्या बायका आल्या. खोल्यांत टीव्ही नाही. न्हाणीघर मात्र चकाचक, आधुनिक.

हे सगळं हॉटेल म्हणून चालतं, पण त्याला एक अशी इमारतच नाही. रिसेप्शन एका घरात, जेवण दुसऱ्या घरात आणि तुमची खोली दोन गल्ल्या सोडून तिसऱ्या घरात. किल्ली घ्यायची आणि दगडी बोळांतून चालत जायचं. इटालियनमध्ये याला 'अल्बेर्गो दिफ्फूझो' म्हणतात, म्हणजे गावभर पसरलेलं हॉटेल. ही कल्पना किलग्रेनची नाही. १९७६ मध्ये उत्तर इटलीतल्या फ्रिउली भागात मोठा भूकंप झाला, त्यानंतर पुन्हा उभारलेली पण रिकामीच राहिलेली घरं वापरात कशी आणायची, या विचारातून ती निघाली. जानकार्लो दाल्लारा या पर्यटन-तज्ज्ञाने तिला नियम आणि आकार दिला.

परिणाम दिसायला वेळ लागला नाही. गावात इतरांनीही खोल्या काढल्या, खाणावळी उघडल्या, लोकर-मध-चीज विकणारी दुकानं आली. घरांचे भाव चढले. ज्या काळ्या भिंतींची गावकऱ्यांना लाज वाटायची, त्यांच्याकडे बघत झोपायला लोक पैसे मोजायला लागले. किती पैसे? एका रात्रीचं भाडं बघून मी तरी टॅब बंद केला. ज्या घरात कधी काळी मेंढपाळाचं अख्खं कुटुंब कुडकुडत झोपायचं, ते घर आता फक्त श्रीमंतांना परवडतं. मला हे थोडं खुपतं. पण ते घर आज ढिगारा असतं तर कोणालाच परवडण्याचा प्रश्न नव्हता, हेही खरं.

मग ६ एप्रिल २००९ ची पहाट आली. लाक्विलाच्या भूकंपात तीनशेहून जास्त माणसं गेली. सांतो स्तेफानोमध्ये डोंगराच्या टोकावरचा गोल मेदिची बुरूज, गावाची ओळख, कोसळला. अभ्यासकांनी ज्या कारणांवर बोट ठेवलं त्यातलं एक होतं बुरुजाच्या माथ्यावर विसाव्या शतकातल्या दुरुस्तीत टाकलेला काँक्रीटचा जड स्लॅब. सिमेंट, बघा! जुन्या दगडी भिंती हलक्याशा डुलतात, वरचा स्लॅब डुलत नाही, आणि धक्का बसला की तोच घणासारखा काम करतो. तुमच्यापैकी कोणी सिव्हिल किंवा आर्किटेक्चरला असाल तर हे उदाहरण वहीत लिहून ठेवा. बुरूज आता पुन्हा उभा आहे, होता तिथेच आणि होता तसाच.

म्हणजे भिंती उभ्या राहिल्या, बुरूजही उभा राहिला. पण माणसं? २०२० मध्ये, हॉटेल नावारूपाला आल्यानंतर कित्येक वर्षांनी, गावची लोकसंख्या होती ११५. त्यातले ४१ पेन्शनर आणि वीस वर्षांखालचे फक्त १३. वर्षभर राहणारे तर साधारण निम्मेच. म्हणून पालिकेने त्या वर्षी योजना काढली : वय ४० च्या आत असेल, गावात येऊन किमान पाच वर्षं राहणार असाल आणि इथे धंदा सुरू करणार असाल, तर तीन वर्षं वर्षाला ८,००० युरोपर्यंत मदत, धंद्यासाठी एकदाच २०,००० युरोपर्यंत आणि नाममात्र भाड्यात घर. (तुम्ही मुंबई-पुण्यातून अर्ज टाकायच्या विचारात असाल तर थांबा, इटलीत राहण्याचा कायदेशीर हक्क आधी हवा होता.) अर्जांचा पाऊस पडला. गावाला हवी होती जेमतेम काही कुटुंबं.

या योजनेतूनच कळतं की नुसत्या हॉटेलने काय होत नाही. पाहुणा ऑगस्टमध्ये येतो, फोटो काढतो, जातो. फेब्रुवारीत रस्त्यावरचा बर्फ कोण काढणार? शाळेत नाव कोणाच्या मुलाचं घालणार? शेजारच्याच कलाशो गावाला, जिथल्या किल्ल्यावर 'लेडीहॉक' चित्रपटाचं शूटिंग झालं होतं, २०२२ मध्ये सरकारी निधीतून २ कोटी युरो मंजूर झाले. वस्ती दीडशेच्याही आत. दगडासाठी पैसा उभा करता येतो, हे यावरून दिसतं. शाळेच्या बाकावरच्या पोरांचं तसं नसतं.

ओस्ताना गावाकडे बघा. उत्तरेत, फ्रान्सच्या सीमेजवळ, मोनविझो शिखरासमोर. शंभर वर्षांपूर्वी हजारेक वस्ती, आणि १९८० च्या दशकात कायम राहणारी माणसं उरली पाच. तिथेही घरं जुन्या पद्धतीने दगड-लाकडातच दुरुस्त करायची असा हट्ट धरला गेला. पण त्यासोबत सांस्कृतिक केंद्र निघालं, अल्पसंख्य भाषांत लिहिणाऱ्यांसाठी दर वर्षी पुरस्कार सुरू झाला, कारण गावाची स्वतःची ऑक्सितान बोलीही घरांसारखीच मोडकळीला आली होती. २०१६ च्या जानेवारीत तिथल्या एका जोडप्याला बाळ झालं. २८ वर्षांतलं पहिलं! ही बातमी जगभर छापून आली. एका बाळाची बातमी व्हावी, यातच सगळं आलं.

सांतो स्तेफानोमध्येही हॉटेलपेक्षा जुनी एक गोष्ट टिकून आहे : मसूर. हजार मीटरच्या वर पिकणारा, दाणा अगदी बारीक, काळसर तपकिरी. न भिजवता शिजतो. मधल्या काळात तो पिकवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते, मग स्लो फूड चळवळीने त्याला आपल्या संरक्षित पिकांच्या यादीत घेतलं. सप्टेंबरच्या सुरुवातीला गावात मसुराची जत्रा भरते, बोळ माणसांनी भरतात, मोठ्या पातेल्यांतून आमटी वाढली जाते. जत्रा उठली की पाहुणे गाड्या काढतात. शेतकरी मात्र पुढच्या पेरणीचं बियाणं बाजूला काढायला घरी जातो.