पाहुणचाराचा सापळा : 'वेक इन फ्राइट'

मानसशास्त्रीय थरारपट म्हटला की प्रेक्षक आधी खलनायक शोधू लागतो. कुणीतरी पाळतीवर असतं, कुणाच्या तरी मनात डाव शिजत असतो आणि तो उघडा पडला की आपण मोकळा श्वास घेतो. टेड कॉटचेफ या कॅनेडियन दिग्दर्शकाच्या १९७१ सालच्या 'वेक इन फ्राइट' या ऑस्ट्रेलियन चित्रपटात असं कुणीच नाही. जॉन ग्रँट या तरुण शिक्षकाची सुट्टीच्या पहिल्या काही दिवसांतच धूळधाण होते, पण त्याचं वाईट चिंतणारा एकही माणूस त्याला भेटत नाही. भेटतात ते सगळे त्याला बिअर पाजणारे, घरी नेणारे, मित्र म्हणणारे. हा चित्रपट इतका अस्वस्थ का करतो आणि आपल्याच देशात तो इतकी वर्षं विस्मृतीत का गेला, या दोन्ही प्रश्नांचं उत्तर माझ्या मते एकच आहे : त्याने भयाचा उगम पाहुणचारात शोधला.

केनेथ कुक यांची मूळ कादंबरी १९६१ सालची, पटकथा इव्हान जोन्स यांची. ग्रँटची नेमणूक टिबुंडाला आहे. सुरुवातीलाच कॅमेरा एका जागी उभा राहून सावकाश पूर्ण गोल फिरतो आणि काय आहे ते सगळं दाखवून मोकळा होतो : इकडे शाळा, तिकडे पब, मधे रेल्वेचा रूळ, बाकी क्षितिजापर्यंत वैराण माळ. सरकारशी केलेल्या हजार डॉलरच्या बाँडमुळे ग्रँटला नोकरी सोडता येत नाही. नाताळच्या सुट्टीत सिडनीला मैत्रिणीकडे जाताना तो बंडनयाबा या खाणगावात एका रात्रीपुरता उतरतो. ब्रोकन हिलवर बेतलेल्या या गावाला तिथले लोक लाडाने 'याबा' म्हणतात. तिथला पोलीस जॉक क्रॉफर्ड त्याला पबमध्ये गाठतो, ग्लासमागून ग्लास पाजतो आणि 'टू-अप'च्या अड्ड्यावर नेतो. लाकडी पट्टीवरून दोन नाणी उडवायची आणि दोन्ही छाप पडणार की दोन्ही काटा, यावर पैसे लावायचे, इतका साधा जुगार. ग्रँट आधी जिंकतो, बाँडमधून सुटका डोळ्यांपुढे दिसू लागते, म्हणून तो परत खेळायला जातो आणि सगळं हरतो. तिथून पुढे तो याबाच्या दयेवर जगतो.

यात थरार कुठे आहे, हा तर फक्त अधःपतनाचा आलेख आहे, असा आक्षेप येऊ शकतो. पण ग्रँटसमोर प्रत्येक वेळी ग्लास सरकवला जातो तेव्हा हा आता नाही म्हणेल का, या एका प्रश्नावर प्रेक्षकाचा जीव टांगणीला लागतो. ज्या समाजात पंगतीतल्या आग्रहाला नकार देणं हा यजमानाचा अपमान समजला जातो, तिथल्या प्रेक्षकाला हा ताण वेगळा समजवावा लागत नाही. याबात भेटलेल्या टिम हाइन्सच्या घरी ग्रँट त्याच्या मुलीशी बोलत बसतो, तर पिणं सोडून हा बाईशी काय बोलतो, याचं पुरुषांना खरंखुरं नवल वाटतं. पुढे एकदा तो दारू नाकारतो आणि समोरचा माणूस दुखावतो, तेव्हा ग्रँट भडकून विचारतो की तुमचं घर जाळलं तरी चालेल, खून केला तरी चालेल, पण तुमच्याबरोबर दारू प्यायली नाही तर तो गुन्हा कसा? चित्रपटाचा गाभा या एका प्रश्नात आहे. आणि कॉटचेफ ग्रँटलाही सोडत नाही. या लोकांपेक्षा आपण वरचे आहोत ही त्याची सुप्त घमेंडच त्याला बेसावध ठेवते. दारूत बुडालेला डॉक टायडन हा सुशिक्षित डॉक्टर त्याला आपल्यासारखा वाटतो, आणि त्याच ओळखीतून तो सर्वांत खोल घसरतो. डोनाल्ड प्लेझन्स यांनी हा डॉक कुठेही क्रूर न करता साकारला आहे, म्हणूनच त्याची धास्ती वाटते.

उष्णता दिसावी म्हणून कॉटचेफने निळा-हिरवा असे थंड रंग चौकटीतून काढून टाकले, सेटवर माश्या सोडल्या, धूळ उडवली. बंद खोल्यांतले घामट चेहरे पाहताना आपल्यालाही जागा बदलावीशी वाटते.

कान महोत्सवाच्या स्पर्धेत हा चित्रपट होता, पॅरिसमध्ये तो दीर्घकाळ चालला, पण ऑस्ट्रेलियात प्रेक्षकांनी पाठ फिरवली. एका खेळात कुणीतरी उठून 'हे आम्ही नव्हे' असं ओरडल्याची आठवण अभिनेता जॅक थॉम्पसन सांगत असे. खाली बसा, हे आपणच आहोत, असं उत्तर त्याने दिलं होतं. पुढे चांगली प्रतही मिळेना. संकलक अँथनी बकली यांनी वर्षानुवर्षं शोध घेतला आणि २००४ मध्ये मूळ निगेटिव्ह अमेरिकेत पिट्सबर्गमध्ये सापडली, नष्ट करण्यासाठी खूण केलेल्या डब्यांत. पुनरुज्जीवित प्रत २००९ मध्ये पुन्हा कानला दाखवली गेली. या शोधाच्या नाट्यामुळे चित्रपटाचं मोल फुगलं, असं म्हणता येईल. पण हरवून सापडलेले चित्रपट पुष्कळ असतात, त्यातले बहुतेक अभ्यासकांपुरतेच उरतात. हा मात्र पुन्हा चित्रपटगृहांत लागला आणि ज्या देशाने तो झिडकारला होता तिथेच त्याला राष्ट्रीय ठेव्याचा मान मिळाला. परक्या दिग्दर्शकाने केलेली ही बदनामी आहे, हा जुना आरोपही टिकत नाही. कादंबरी ऑस्ट्रेलियन पत्रकाराची आहे, आणि जॉकची भूमिका चिप्स रॅफर्टी यांची, म्हणजे ज्यांच्या चेहऱ्यात त्या देशाने स्वतःचा सरळ, दिलदार पुरुष पाहिला त्यांची. ही त्यांची चित्रपटातली अखेरची भूमिका ठरली.

खरा अवघड आक्षेप कांगारूंच्या शिकारीचा आहे. रात्री प्रकाशझोतात गोळ्या घातलेले ते प्राणी खरे आहेत. परवानाधारक शिकाऱ्यांच्या प्रत्यक्ष शिकारीचं हे चित्रण आहे आणि प्राणिकल्याण संस्थांशी सल्लामसलत करूनच ते ठेवलं, असा खुलासा चित्रपटाच्या शेवटी येतो. त्या खुलाशाने माझं समाधान होत नाही; कलेसाठी मरण टिपायला जाणं मला मान्य नाही. तरी याच प्रसंगात मित्रांच्या आरोळ्यांच्या भरात ग्रँट जखमी कांगारूवर चाकू घेऊन धावतो, आणि त्याला कुणी भाग पाडलेलं नसतं. ते फक्त त्याला आपल्यातला मानतात आणि त्याला ते हवंसं वाटतं. हा प्रसंग कापला तर ग्रँट निव्वळ बळी ठरेल आणि चित्रपट खोटा पडेल. म्हणून तो पाहावा लागतो, आणि तो ज्या रीतीने टिपला गेला तिचा निषेधही करावा लागतो.