परदेशातील पोर्टफोलिओ गुंतवणुकीची अधिकृत आकडेवारी : स्वरूप, मोजणी आणि मर्यादा

प्रस्तावना

देशाच्या अर्थव्यवस्थेचा विचार करताना बाहेरून येणाऱ्या परकीय भांडवलाची चर्चा सातत्याने होते. देशातील रहिवाशांनी स्वतःची बचत परदेशात कोठे व किती गुंतविली आहे, हा प्रश्न मात्र तुलनेने दुर्लक्षित राहतो. परदेशातील एखादा भांडवलबाजार कोसळल्यास आपल्या देशातील कोणाच्या बचतीला झळ पोहोचेल, हे समजण्यासाठी याच प्रश्नाचे उत्तर आवश्यक असते. ही अधिकृत आकडेवारी कशी तयार होते, तिच्यातून काय समजते आणि काय निसटते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

संकल्पना

परदेशी कंपनीतील मतदान हक्काचा १० टक्के वा त्याहून अधिक हिस्सा गुंतवणूकदाराकडे असल्यास ती प्रत्यक्ष गुंतवणूक मानली जाते. त्याहून कमी हिस्सा असलेले समभाग, गुंतवणूक फंडांचे युनिट आणि कर्जरोखे यांचा समावेश सर्वसाधारणपणे पोर्टफोलिओ गुंतवणुकीत होतो. मध्यवर्ती बँकेची परकीय चलनाची गंगाजळी रोख्यांत गुंतविलेली असली, तरी तिची गणना स्वतंत्रपणे होते. भारताच्या बाबतीत हा भेद विशेष महत्त्वाचा आहे. भारताच्या गंगाजळीने जून २०२१ मध्ये ६०० अब्ज डॉलरचा टप्पा प्रथमच ओलांडला. त्या तुलनेत परदेशातील पोर्टफोलिओ गुंतवणूक अत्यल्प आहे. या दोन बाबी एकत्र केल्यास भारतीय कुटुंबे व संस्था परदेशी बाजारांत मोठ्या प्रमाणावर उतरल्या आहेत, असा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो.

सर्वेक्षणाचा उगम

एका देशाची परदेशातील मालमत्ता म्हणजे दुसऱ्या देशाचे देणे होय. म्हणून सर्व देशांची आकडेवारी एकत्र केल्यास दोन्ही बेरजा जुळावयास हव्यात. प्रत्यक्षात त्या जुळत नाहीत. नोंदविलेली देणी नोंदविलेल्या मालमत्तेपेक्षा अधिक भरतात. या विसंगतीकडे गोदो समितीच्या १९९२ च्या अहवालाने लक्ष वेधले. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने १९९७ मध्ये २९ अर्थव्यवस्थांच्या सहभागाने समन्वित पोर्टफोलिओ गुंतवणूक सर्वेक्षण घेतले. २००१ पासून ते दरवर्षी आणि २०१३ पासून सहामाही होऊ लागले. अलीकडे नाणेनिधीने या माहितीसंचाचे नाव बदलले असले, तरी त्यामागील तत्त्व तेच आहे. रोखे बाजारात हातोहात फिरत असल्याने ते कोणाकडे आहेत हे जारी करणाऱ्यास सहसा ठाऊक नसते, परंतु धारकास आपल्याकडे काय आहे ते ठाऊक असते. म्हणून मोजणी धारकाच्या बाजूने केली जाते.

भारतातील मोजणी

भारतात ही जबाबदारी भारतीय रिझर्व्ह बँकेकडे आहे. बँका, म्युच्युअल फंड, विमा कंपन्या इत्यादी संस्थांकडून माहिती संकलित होते. रोख्यांचे मूल्य ठरलेल्या दिवसाच्या बाजारभावाने धरले जाते. त्यामुळे नवा पैसा बाहेर न जाताही केवळ भाव वा विनिमय दर बदलल्याने एकूण आकडा वाढू किंवा घटू शकतो.

गुंतवणुकीचे आकारमान धोरणाने मर्यादित केले आहे. म्युच्युअल फंड उद्योगाच्या परदेशी गुंतवणुकीस ७ अब्ज डॉलरची एकत्रित मर्यादा आहे. ती गाठली जात असल्याचे दिसताच २०२२ च्या प्रारंभी सेबीने अशा योजनांतील नवी परदेशी गुंतवणूक थांबविण्यास सांगितले. व्यक्तींसाठी २००४ मध्ये उदारीकृत प्रेषण योजना सुरू झाली. तिची आरंभीची मर्यादा २५ हजार डॉलर होती. रुपया घसरत असताना ऑगस्ट २०१३ मध्ये ही मर्यादा २ लाखांवरून ७५ हजार डॉलरवर आणण्यात आली. २०१५ पासून ती प्रतिवर्षी अडीच लाख डॉलर आहे.

एक उदाहरण

शिरपूर येथील एखादा शिक्षक दरमहा ५ हजार रुपये एका भारतीय म्युच्युअल फंडात भरतो आणि तो फंड काही रक्कम अमेरिकी समभागांत गुंतवितो, असे मानू. शिक्षकाकडील युनिट ही देशांतर्गत मालमत्ता आहे. परदेशी मालमत्ता फंडाच्या नावे, अमेरिकेच्या रकान्यात नोंदविली जाते. आता दुसरी शक्यता पाहू. तोच फंड लक्झेंबर्ग येथे स्थापन झालेल्या दुसऱ्या फंडाचे युनिट घेतो आणि तो फंड अमेरिकी समभाग घेतो. शिक्षकाची जोखीम अमेरिकी बाजाराचीच असते, परंतु आकडेवारीत लक्झेंबर्गचे नाव येते, कारण नोंद जारीकर्त्याच्या निवासानुसार होते.

तिसरी शक्यता अशी की, शिक्षकाचा मुलगा पुण्यात परदेशी कंपनीच्या शाखेत नोकरीस असून त्यास मूळ कंपनीचे समभाग मिळतात. २०२२ च्या परदेशी गुंतवणूकविषयक नियमांनुसार त्याची माहिती येथील कार्यालयाने सहामाही विवरणपत्रात द्यावयाची असते. परंतु त्याने स्वतः बँकेमार्फत पैसे पाठवून समभाग घेतल्यास पाठविलेली रक्कम नोंदविली जाते. त्या समभागांचे पुढे काय झाले, ते वाढले की विकले गेले, हे त्या नोंदीवरून कळत नाही.

मर्यादा

वरील उदाहरणातून दोन मर्यादा स्पष्ट होतात. देशनिहाय वर्गीकरण पैशाचा कायदेशीर पत्ता दर्शविते, अंतिम ठिकाण नव्हे. तसेच संस्थांची गुंतवणूक चांगली मोजली जाते, कुटुंबांची मात्र अपुरी. अर्थतज्ज्ञ गॅब्रिएल झुकमन यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जागतिक बेरजांमधील याच तफावतीचा उपयोग केला. जगातील कुटुंबांच्या वित्तीय संपत्तीपैकी सुमारे ८ टक्के संपत्ती करआश्रयस्थानांत असून तिचा बहुतांश भाग नोंदीबाहेर आहे, असा त्यांचा अंदाज होता.

निष्कर्ष

ही आकडेवारी उपयुक्त आहे, परंतु तिचा अर्थ लावताना माहिती कोणी दिली, जारीकर्ता कोठील आहे आणि मूल्य कोणत्या दिवसाचे आहे, हे पाहणे अगत्याचे आहे. व्यक्तींनी पाठविलेल्या रकमांच्या नोंदीला त्यांच्याकडील शिल्लक मालमत्तेच्या नमुना पाहणीची जोड मिळाल्यास चित्र अधिक पूर्ण होईल. गुंतवणुकीची मर्यादा कमी-अधिक करण्याचे निर्णय सामान्य बचतदारांवर परिणाम करतात. म्हणून त्या बचतदारांची परदेशातील मालमत्ता आकडेवारीत योग्य प्रकारे दिसणे हा केवळ तांत्रिक प्रश्न नसून धोरणाच्या विश्वासार्हतेचा प्रश्न आहे.