जुनी डिझेल पिकअप सांगून बिघडते

टोमॅटोचा हंगाम आला की आपल्या गटांच्या बैठकीत गाडीचा विषय हमखास निघतो. माल तोडून बांधावर ठेवलेला असतो, नारायणगावचा बाजार गाठायचा असतो आणि भाड्याची पिकअप दुसऱ्याच कुणाच्या तरी शेतात भरत असते. मग कुणीतरी ताई म्हणतात, आपणच एखादी जुनी पिकअप का घेऊ नये? गटाची बचत आहे, थोडं कर्ज मिळेल, आणि नवीन गाडी तर परवडणारच नाही. असा ठराव लिहून आमच्याकडे येणारे गट वाढलेत, म्हणून आज हाच विषय घेतलाय.

गावात याबद्दल दोन मतं ऐकू येतात. एक म्हणतो, जुन्या डिझेलला मरण नाही. दुसरा म्हणतो, जुनी गाडी म्हणजे गॅरेजवाल्याची सोय. गटांच्या गाड्यांचे हिशेब बघून आमचं मत असं झालंय, की जुनी डिझेल गाडी बिघडते, पण बहुतेक वेळा आधी सांगून बिघडते. ते सांगणं आपल्याला ऐकू आलं तर ती टिकते.

जुनी म्हणजे कोणती, ते आधी बघू. टाटाची पिकअप १९८८ पासून रस्त्यावर आहे, २०७ हे तिचंच नाव सगळ्यांना माहीत. महिंद्राची बोलेरो पिकअप तर आपल्याकडे दर दुसऱ्या वस्तीवर दिसते. आणि २००५ साली आलेला टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती. त्याला दोनच सिलिंडर, ७०२ सीसी, त्यामुळे तो उभ्या जागी थरथरतो. ती थरथर म्हणजे बिघाड नव्हे, दोन सिलिंडरचं इंजिन तसंच चालतं.

डिझेल इंजिनात ठिणगी टाकणारा प्लग नसतो. सिलिंडरमध्ये हवा १७ ते २२ पट दाबली जाते, दाबल्यामुळे ती भयंकर तापते, आणि त्या तापलेल्या हवेत नोझलमधून डिझेलचा फवारा मारला की तो आपोआप पेटतो. जुन्या गाडीत हा फवारा मोजून देणारा पंप पूर्ण यांत्रिक असतो, त्यात कॉम्प्युटर नाही. म्हणून आळेफाट्याचा किंवा ओतूरचा साधा मेकॅनिक पाना घेऊन ती उघडू शकतो. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांचा धूर कमी, ताकद चांगली. पण दिवा लागला की लॅपटॉप जोडल्याशिवाय दोष कळत नाही. जुन्या गाडीचा भरवसा आहे तो एवढ्याचसाठी, की ती जवळच दुरुस्त होते.

सगळा खेळ हवेच्या दाबाचा आहे, हे लक्षात ठेवलं की पुढचं सोपं जातं. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की दाब निसटतो. मेकॅनिक त्याला 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात. इंजिन चालू असताना ऑइल टाकायचं झाकण हळूच उघडायचं. थोडी वाफ येणं चालतं. भकाभक धूर यायला लागला, झाकण उडायला लागलं, तर इंजिनकाम जवळ आलंय. विकणारा म्हणेल, "ताई, डिझेलला एवढं असतंच." असतं, पण एवढं नसतं.

म्हणून गाडी बघायला भल्या सकाळी जायचं, आणि आदल्या दिवशी निरोप द्यायचा की आम्ही येईपर्यंत चालू करू नका. गेल्यावर आधी बॉनेटला हात लावायचा. गरम लागलं तर आपण यायच्या आधी ती चालवलेली आहे. तापलेलं इंजिन सगळे दोष झाकतं. आपल्याकडे डिसेंबरच्या थंडीत, पहाटे चार वाजता, ती एका सेल्फमध्ये सुरू होते का, हे आपल्याला बघायचं असतं. काही गाड्यांना हीटर प्लग असतो. चावी फिरवल्यावर वेटोळ्यासारखा पिवळा दिवा लागतो. तो विझेपर्यंत थांबायचं आणि मग सेल्फ मारायचा. घाईघाईने सेल्फ मारत राहणारा ड्रायव्हर बॅटरीही संपवतो आणि सेल्फही जाळतो.

मग धुराकडे बघायचं. थंडीत सुरुवातीला पांढरा धूर येतो आणि मिनिट-दोन मिनिटांत जातो, ते चालतं. इंजिन तापल्यावरही पांढरा येत राहिला आणि रेडिएटरचं पाणी घटत असलं, तर हेड गॅस्केटची शंका घ्या. ऑइलची पट्टी ओढून बघा, ऑइल चहासारखं दुधाळ झालं असेल तर पाणी आत शिरलंय. अशी गाडी तिथेच सोडून यायची. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. चढावर काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. कधी कधी नुसता एअर फिल्टर धुळीने भरलेला असतो आणि काम थोडक्यात भागतं. ऑइल काळं दिसलं म्हणून मात्र घाबरू नका. डिझेलच्या काजळीने नवं ऑइलही थोड्याच दिवसांत काळं होतं.

चालत्या गाडीचं सांगणं वहीत दिसतं. बचतीची वही आपण चोख ठेवतोच, तशीच गाडीची ठेवायची. टाकी काठोकाठ भरायची, किलोमीटर लिहायचे, पुढच्या वेळी पुन्हा काठोकाठ भरून किती लिटर गेलं ते लिहायचं. समजा नेहमी लिटरला तेरा किलोमीटर देणारी गाडी दहावर आली, तर नोझल, पंप, फिल्टर, जाम झालेला ब्रेक यांपैकी काहीतरी आहे. (किंवा डिझेल दुसरीकडे जातंय. तेही वहीतच सापडतं.) ऑइल किती वेळा वरून टाकलं, पाणी किती टाकलं, हेही लिहायचं. एका गटाच्या लेखनिक ताईंना वहीवरून दिसलं, की आठवड्याला अर्धा लिटर ऑइल लागायला लागलंय. ड्रायव्हरच्या ते लक्षातच आलं नव्हतं. हंगाम संपल्यावर त्यांनी इंजिन उघडलं. भर हंगामात ते रस्त्यात बसलं असतं तर एक दिवसाचा माल गेला असता.

डिझेल संपू द्यायचं नाही. पेट्रोलची गाडी संपली की भरायचं आणि निघायचं. जुनी डिझेल गाडी संपली की लाइनमध्ये हवा धरते, मग नुसतं डिझेल ओतून ती सुरू होत नाही. फिल्टरजवळचा छोटा हातपंप दाबून, स्क्रू ढिला करून, बुडबुडे जाईपर्यंत हवा काढावी लागते. हे काम अवघड नाही, गटातल्या दोघींनी तरी शिकून घ्यावं. फिल्टरच्या तळाशी पाणी साठतं, पावसाळ्यात जास्त. तिथली चकती फिरवून ते सोडून द्यायचं. रॉकेल मिसळून पैसे वाचवणारे अजून भेटतात. पंपाच्या आतलं वंगण म्हणजे डिझेलच. रॉकेलने पंप कोरडा घासतो, आणि वाचलेल्या पैशांच्या कितीतरी पट खर्च पंपाच्या कामाला येतो.

आता वजन. आरसीवर गाडीचं रिकामं वजन आणि भरलेलं वजन, दोन्ही लिहिलेलं असतं. वजाबाकी केली की माल किती ते निघतं. समजा सव्वा टन निघालं. वीस किलो टोमॅटोचं क्रेट, वर क्रेटचं स्वतःचं वजन, बावीस किलो धरा. म्हणजे ५६ क्रेट झाले. आपल्याकडे किती भरतात ते तुम्हाला माहीत आहे. हौद्यात मावतात, फाळक्याला दोरी बांधून वर अजून थर चढतो, आणि गाडी ओढतेही. पण पाटे बसतात, क्लच जळतो, टायर फुटतात आणि मग आपण म्हणतो, जुनी गाडी बेभरवशाची.

आणि घाट. माळशेज उतरून कल्याणला माल नेणाऱ्यांनी हे नीट ऐकावं. उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करून इंजिन बंद करणारे ड्रायव्हर आहेत. ब्रेक हलका लागावा म्हणून जी मदत असते, ती डिझेल गाडीत इंजिनावर फिरणाऱ्या व्हॅक्युम पंपातून येते. इंजिन बंद केलं की एक-दोनदा पाय दाबेपर्यंत ती संपते, मग ब्रेक दगडासारखा होतो. त्या पंपाची नळी चिरली तरी तसंच होतं. जो घाट आपण दुसऱ्या गिअरमध्ये चढतो, तो साधारण त्याच गिअरमध्ये उतरायचा. ब्रेकचा पाय रोजच्यापेक्षा जड लागला, तर त्या दिवशी फेरी रद्द. असा लेखी नियमच करा, म्हणजे ड्रायव्हरवर कुणी घाई लादणार नाही.

याच ठिकाणी एक कठीण गोष्ट सांगतो. हौद्यात बायका बसवू नका. खुरपणीला, लग्नाला, अगदी आपल्या मेळाव्यालाही नाही. मालवाहू गाडीच्या विम्यात केबिनमध्ये बसलेला मालाचा मालक किंवा त्याचा माणूस धरला जातो. हौद्यातल्या प्रवाशांचा विमा नसतो. गाडी गटाच्या नावावर असेल, तर भरपाईचा बोजा गटावर येऊ शकतो. आणि गेलेलं माणूस तर कशानेच परत येत नाही.

कागद बघताना आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते पाहा. असेल तर बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. व्यापारी गाडीचं पासिंग पहिली आठ वर्षं दोन-दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी असतं, तो खर्च आधीच धरा. विमा, पीयूसी, पर्यावरण कर, थकलेली चलनं, सगळं ऑनलाइन दिसतं. भरलेलं वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला वेगळं परमिट लागत नाही. चासी नंबर कागदाशी जुळवा, आणि खाली वाकून चासीला वेल्डिंगचे जोड आहेत का ते बघा. मेकॅनिक आपला न्यायचा, विकणाऱ्याच्या ओळखीचा नको.

आठवड्याला दोन-तीनच फेऱ्या असतील तर आमच्या मते गाडी घेऊच नका, चार गटांनी मिळून एक गाडी हंगामापुरती ठरवा. रोजची फेरी असेल आणि किमतीशिवाय एका मोठ्या दुरुस्तीएवढे पैसे बाजूला राहत असतील, तरच ठराव करा.

राहिला ड्रायव्हरचा प्रश्न. हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेली व्यक्ती साडेसात हजार किलोपर्यंतची व्यापारी गाडी चालवू शकते, हे नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केलं आहे. म्हणजे ज्या ताईंकडे कारचा परवाना आहे, त्यांना पिकअप चालवायला वेगळा परवाना काढावा लागत नाही. क्लच थोडा जड लागतो, स्टिअरिंग उभ्या जागी वळवायला जोर लागतो, म्हणून सुरुवात गावातल्या मोकळ्या मैदानात, रिकाम्या हौद्याने करा.