चाक ओतून घ्यायचंय? मग आधी माणसं गोळा करा

(ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी या भागाचं लेखी रूप. बोलताना अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी जसंच्या तसं.)

मागच्या दिवाळीत मी धारूरला घरी गेलो तेव्हा उजव्या हाताला प्लास्टर होतं, आणि ते का होतं हे प्रत्येक पाहुण्याला सांगून सांगून मी थकलो होतो. तुम्हाला एकदाच सांगतो. इलेक्ट्रिक स्केटबोर्ड, किल्ल्याकडचा रस्ता, वेग फार नाही, आणि समोर सुपारीएवढी खडी. पुढचं चाक तिथं अडकलं. बोर्ड थांबला, मी नाही थांबलो.

बोर्ड मी स्वतः जोडलेला. मोटर, बॅटरी, कंट्रोलर यांच्यावर सहा महिने डोकं घातलं. चाकं मात्र आली तशी लावली, ८० मिमीची. पुण्यातल्या सोसायटीच्या गुळगुळीत काँक्रीटवर ती मस्त चालायची. आमच्याकडच्या डांबरावर वरची खडी सुटलेली असते, तिथं त्यांचा निभाव लागला नाही. तर आजचा भाग चाकांवर.

आधी गणित, पण थोडंच. चाकासमोर १० मिमीचा दगड आला तर त्यावर चढायला चाकाला पुढून किती ढकलावं लागेल? चाक कडक आहे असं धरलं, तर ८० मिमीच्या चाकाला जेवढा जोर लागतो त्यापेक्षा ११० मिमीच्या चाकाला साधारण २० टक्के कमी लागतो. त्यात चाक मऊ असेल तर दगड थोडा आत रुततो आणि चाक वरून निघून जातं. मऊपणा मोजतात शोर ए या मापात. गल्लीत उड्या मारणाऱ्या पोरांच्या छोट्या बोर्डाची चाकं ९९ए च्या आसपास, म्हणजे जवळजवळ दगडच. लांब अंतराच्या बोर्डाची ७४ए ते ७८ए. स्केटबोर्डाला स्प्रिंग नसते, शॉकअप नसतो. जे काही आहे ते चाकाच्या रबरासारख्या जाडीतच.

ते रबर नसतं बरं का, पॉलियुरेथेन असतं. आधीची स्केटबोर्डं लोखंडी किंवा मातीच्या मिश्रणाच्या चाकांवर चालायची. बारीक खडा आला की माणूस तोंडावर, अगदी माझ्यासारखा. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दी नावाच्या अमेरिकन पोरानं व्हर्जिनियात, मित्राच्या वडिलांच्या कारखान्यात, रोलर स्केटसाठी ओतलेली युरेथेनची चाकं पाहिली. ती त्यानं आपल्या बोर्डाला लावून बघितली आणि नंतर कॅलिफोर्नियात जाऊन ‘कॅडिलॅक व्हील्स’ नावानं विकली. म्हणजे या धंद्याची सुरुवातच ‘माझ्या मापाचं चाक ओतून द्या’ अशी झाली. मला हे वाचून जरा धीर आला.

घरी आबांना हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लेकरा, यात नवं काय? लाकडी चाक खड्ड्यात बसायचं, मग टायरच्या गाड्या आल्या." खरंच आहे. ऊसतोडीला जाणारी टायरची बैलगाडी तुम्ही पाहिली असेल. तिच्या आधी तुंबा, आरे, पाट्या आणि वर लोखंडी धाव, असं चाक होतं. धाव गोवऱ्यांच्या जाळात लाल करायची, चाकावर चढवायची आणि पाणी ओतायचं. लोखंड आवळतं, लाकूड घट्ट धरतं. आबा पुढं जे म्हणाले ते माझ्या डोक्यात राहिलं: एका गाडीसाठी कुणी जाळ करत नसे. चार-पाच घरांची चाकं गोळा झाली की मगच.

आता आमच्या जाळाचा खर्च ऐका. बाजारात मिळणारी ११० मिमीची चाकं बाहेरून मागवायची तर चाकं, कुरिअर, कस्टम ड्युटी, जीएसटी, सगळं मिळून मोटरपेक्षा महाग. म्हणून पुण्याजवळच्या एका कारखानदाराला गाठलं. तो मशीनचे युरेथेन रोलर ओततो. चाकाचे दोन भाग असतात: आतला कडक कोर आणि बाहेरचं युरेथेन. कोरचा साचा पोलादी, इंजेक्शन मोल्डिंगचा, त्याची किंमत लाखांत. युरेथेनचा साचा ॲल्युमिनियमचा, त्यामानानं स्वस्त. सगळंच स्वतःचं करायची हौस होती, पण कोरच्या साच्याचं कोटेशन पाहून हौस फिटली. मोठ्या चाकाचा, केगल पद्धतीची पुली बसणारा कोर तयार घ्यायचा आणि त्यावर आपलं युरेथेन ओतायचं ठरलं.

गोल करून आकडे असे: साचा ४०,००० रुपये, आणि कोर धरून एका चाकाचे ६००. एकट्यानं चार चाकं केली तर ४२,४००. दहा जण असलो तर प्रत्येकी ६,४००. पंचवीस जण असलो तर ४,०००. साच्याची किंमत हलत नाही, ती वाटून घेणारी डोकी तेवढी वाढवता येतात. ग्रुप बाय म्हणजे एवढंच.

मी इकडे-तिकडे विचारलं. ३८ जण म्हणाले, "घेणार भाऊ, नक्की!" मी पंचवीस धरले, ४,००० जाहीर केले आणि पैसे मागितले. पैसे आले १९ जणांचे. मी विसावा. मंडळी, इमोजी आणि ॲडव्हान्स यांत फरक असतो. आधी टोकन घ्या, मग भाव सांगा. मी उलटं केलं. वीस सेटचा हिशोब ८८,००० होतो, म्हणजे प्रत्येकी ४,४००. आठ हजारांचा खड्डा.

गावातले मित्र चिडवायला लागले, "काय मुकादम, उचल वाटली का?" बीड जिल्ह्यात हा शब्द हसत म्हणतात, पण हलका नाही. उचल घेऊन फिरलेल्याचं काय होतं आणि हिशोब न देणाऱ्या मुकादमाबद्दल लोक काय बोलतात, हे ऐकतच आम्ही मोठे झालो. इथं पैसे उलट्या दिशेनं आले होते, लोकांकडून माझ्याकडे. त्यातला एक अंबाजोगाईचा विद्यार्थी. त्याच्यासाठी ते चार हजार म्हणजे मेसचे पैसे होते, हे त्यानं मला नंतर सांगितलं. त्या रात्री मी कोटेशन, जमा, खर्च सगळं एका शीटमध्ये टाकून सगळ्यांना उघडं केलं. खाली लिहिलं: वरचे ४०० कुणाला जमत नसतील तर पूर्ण पैसे परत. दोघांनी विचारायला फोन केला, परत कुणीच मागितले नाहीत.

कारखानदाराशी मात्र एक गोष्ट शहाणपणानं ठरवली होती. सगळे पैसे आधी द्यायचे नाहीत. साच्याचे आधी, मग नमुन्याची चार चाकं, ती चालवून बघायची, आणि पास झाली तरच बाकीची ओतायची.

नमुना दिसायला सुंदर होता. कडकपणा बरोबर, बुडबुडा एक नाही. बेअरिंग ६०८, म्हणजे तुमच्या फिजेट स्पिनरमधली तीच, बाहेरून २२ मिमी, आतून ८ मिमी. ती टक्क बसली. पुली बसली. साधारण चाळीस किलोमीटरनंतर मागचं डावं चाक ब्रेक मारताना किंचित उशिरा थांबायला लागलं. खोलून बघतो तर कोर फिरतोय आणि युरेथेन जागेवर. चिकटलेलं सुटलं होतं.

हे का झालं ते समजून घ्या, कारण साध्या स्केटबोर्डावर हे कळलंच नसतं. तिथं चाक नुसतं घरंगळतं. इथं मोटरचा जोर पुलीतून कोरमध्ये, कोरमधून युरेथेनमध्ये आणि मग रस्त्यात जातो. ब्रेकही मोटरच लावते, तेव्हा तोच जोर उलटा. सगळा ताण कोर आणि युरेथेन यांच्यामधल्या पातळ थरावर. त्यात मऊ, जाड युरेथेन दर फेरीला दबतं आणि उठतं, त्यानं आतून तापतं, आणि थर आणखी ढिला होतो. कोर नायलॉनचा, गुळगुळीत. तो खरखरीत करून, बाँडिंग एजंट लावून, वाळवून मगच ओतायला हवं होतं. कारखानदारानं नुसता पुसून ओतला. पण माझ्या ड्रॉइंगमध्ये व्यास, रुंदी, कडकपणा, रंगसुद्धा होता. बाँडिंगबद्दल एक ओळ नव्हती. आबांची धाव लाकडाला आवळून धरायची. आमच्या चाकात आवळणारं काहीच नव्हतं.

दुसऱ्या नमुन्यात कोर घासून घेतला, एजंट लावला, आणि युरेथेन आत शिरून पकडेल अशी आडवी भोकं पाडली. त्याचे वाढीव पैसे मी दिले, कारण ड्रॉइंग माझं होतं. ती चाकं दोनशे किलोमीटर चालवली. सरळ चालवून नाही, मुद्दाम जोरात ब्रेक मारत.

एक राहिलं. चाक मोठं केलं की गिअर बदलतो. ८० वरून ११० वर गेलात तर एका फेरीत ३७ टक्के जास्त अंतर कापलं जातं, आणि चढावर ओढ २७ टक्के कमी होते. बालाघाटातल्या चढांवर हे लगेच जाणवतं, मोटर तापते. म्हणून मागची पुली ३६ दातांवरून ४८ दातांची केली. ५ मिमीच्या बेल्टवर ती साधारण ७६ मिमीची होते, म्हणजे खाली १७ मिमी जागा उरते. त्याहून मोठा दगड असेल तर उतरा आणि चालत जा. आणि घाटात, हायवेवर बोर्ड घेऊन जाऊ नका. २५० वॅट आणि ताशी २५ किलोमीटर या मर्यादेच्या वरची बॅटरीची गाडी कायद्यानं मोटार वाहनात मोडते, आणि आपले बोर्ड त्याच्या कितीतरी वर असतात. बंद मैदान बघा.

ऐंशी चाकं फेब्रुवारीत आली. विसाही सेट वजन करून, बेअरिंग घालून, फिरवून बघूनच पाठवले. अंबाजोगाईचा पोरगा कुरिअरची वाट न बघता एसटीनं धारूरला आला, स्टँडवरच चाकं बदलली आणि आबांना म्हणाला, "बसा की आजोबा." आबा बसले नाहीत. त्यांनी चाक हातात घेऊन नखानं दाबून पाहिलं आणि विचारलं, "वंगण कुठनं घालायचं?"

साचा माझ्याकडे आहे. दुसरी फेरी करायची झाली तर आता ४०,००० मोजायचे नाहीत. शीटची लिंक वर्णनात दिलीय, पण या वेळी आधी टोकन. पुढच्या भागात बेल्ट की हब मोटर. चला, भेटू.