न बोलणाऱ्या मुलाचे शब्द कोणाचे?

बोलता न येणारे मूल घरात असले की शेजारपाजारचे लोक त्याला पटकन नाव ठेवून मोकळे होतात. कोणी मुका म्हणतो, कोणी वेडा म्हणतो, आणि कोणी आईला बाजूला घेऊन अमक्या बाबाचा अंगारा लावून बघ असा सल्ला देते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतूनसुद्धा हे घडते, हे आम्ही स्वतः पाहिलेले आहे. विहारात बुद्धवंदना सुरू असताना असे मूल ओरडले किंवा हात हलवत फिरू लागले की माघारी वळून बघणारे डोळे आईला इतके बोचतात की पुढच्या पौर्णिमेला ती येतच नाही.

अशा अनेक मुलांच्या बाबतीत डॉक्टर ज्याला ऑटिझम म्हणतात ती अवस्था असते. मराठीत तिला स्वमग्नता म्हणतात. हा शब्द आम्हाला फारसा पटत नाही, कारण मूल स्वतःतच रमलेले आहे, त्याला आपली गरज नाही, असा त्यातून अर्थ निघतो. प्रत्यक्षात त्याला आईची, भावंडांची गरज असतेच. ती दाखवण्याची त्याची रीत वेगळी असते एवढेच. ऑटिझम असलेल्या मुलांपैकी साधारण चारात एक ते तीनात एक मूल पुढे मोठेपणीही बोलत नाही, किंवा मोजकेच शब्द बोलते. त्यातल्या कोणाला किती समजते हे बाहेरून बघून सांगता येत नाही. मात्र ज्याला बोलता येत नाही त्याला समजतही नाही, असे मानणे चूक आहे. ऐकायला येत नसल्यामुळे बोलत नसलेले मूल वेगळे. म्हणून पहिली तपासणी कानाची करावी. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था त्याच कामासाठी आहे.

आता मुख्य विषयाकडे येतो. गेल्या काही वर्षांत एक गोष्ट पालकांच्या कानावर येते. न बोलणाऱ्या मुलासमोर अक्षरांची पाटी धरायची, मुलाने एकेका अक्षरावर बोट किंवा पेन्सिल ठेवायची, आणि त्यातून शब्द, वाक्ये, कविता बाहेर पडतात. वर्षानुवर्षे मुके म्हणून गणलेले मूल आईला एकाएकी सांगते की मला सगळे कळत होते. असे ऐकल्यावर कोणत्या आईचे काळीज हलणार नाही?

या गोष्टीचा एक मोठा धागा आपल्याच देशातला आहे. सोमा मुखोपाध्याय या आईने आपला न बोलणारा मुलगा टिटो याला कोणत्याही शाळेच्या भरवशावर न राहता घरी शिकवले. अक्षरे, पाटी, बोट, आणि पुढे हातात पेन्सिल. टिटोचे 'बियाँड द सायलेन्स' हे पुस्तक २००० साली इंग्लंडमधील ऑटिझमच्या राष्ट्रीय संस्थेने प्रसिद्ध केले. २००१ साली मायलेक अमेरिकेला गेले, आणि सोमाबाईंची शिकवण्याची पद्धत तिकडे पसरली. तिच्यापासून निघालेल्या आणखीही पद्धती आज चालतात. एका आईने हार न मानता केलेली ही मेहनत आम्हाला मोठी वाटते. पण टिटो पुढे स्वतःच्या हाताने लिहू लागला असे त्याच्याबद्दल सांगितले जाते, आणि त्याच्या नावावर चालणाऱ्या वर्गांमध्ये मात्र पाटी बहुधा दुसऱ्याच्याच हातात असते. हा फरक लहान नाही.

तो का लहान नाही, हे समजायला थोडे मागे जावे लागेल. १९७० च्या दशकात ऑस्ट्रेलियात, मेलबर्नला, रोझमेरी क्रॉस्ली यांनी अपंग मुलांचा हात किंवा मनगट धरून त्यांच्याकडून अक्षरे दाखवून घ्यायला सुरुवात केली. अमेरिकेतील सिराक्यूज विद्यापीठाचे प्राध्यापक डग्लस बिकलेन यांनी ती पद्धत ऑटिझम असलेल्या मुलांसाठी नेली आणि १९९० साली त्यावर लेख लिहिला. दोनतीन वर्षांत हजारो शिक्षक मुलांचे हात धरून टंकलेखन करवू लागले. मग काही मुलांच्या नावाने आरोप बाहेर येऊ लागले की आईबापांनी माझ्यावर अत्याचार केला. मुले घरातून काढून नेण्यात आली. मेन राज्यातील एका मुलीच्या प्रकरणात वाचातज्ज्ञ हॉवर्ड शेन यांना बोलावले गेले. त्यांनी साधी युक्ती केली. मुलीला एक चित्र दाखवले आणि हात धरणाऱ्या बाईला दुसरे, आणि एकमेकींची चित्रे दोघींना दिसू दिली नाहीत. मुलीने किल्लीचे चित्र पाहिले होते, बाईने कपाचे. टंकलेखनात आले 'कप'. पुन्हा पुन्हा तसेच झाले. मुलीच्या नावाने इतके दिवस ती बाईच बोलत होती, आणि तिला स्वतःलाही त्याचा पत्ता नव्हता. त्या बाईने पुढे ते काम सोडले आणि २०१२ साली स्वतः लेख लिहून सगळे जगापुढे मांडले, याबद्दल तिचे कौतुक केले पाहिजे. न्यूयॉर्क राज्यातील ओ. डी. हेक केंद्रात अशाच रीतीने १२ जणांची परीक्षा झाली, ती १९९३ साली प्रसिद्ध झाली. मदतनिसाला उत्तर माहीत नव्हते तेव्हा एकाचेही उत्तर बरोबर आले नाही. १९९४ साली अमेरिकेच्या मानसशास्त्र संघटनेने ठराव करून या पद्धतीला शास्त्रीय आधार नसल्याचे जाहीर केले.

यात लबाडी होती असे समजू नये. मन तीव्रतेने एखादी गोष्ट इच्छिते तेव्हा हात नकळत तिकडे जातो. आपल्याकडे अंगात येते म्हणणाऱ्यांपैकी सगळेच ढोंगी नसतात, त्यातलाच हा प्रकार.

नव्या पद्धतीत हात धरत नाहीत. पण पाटी मदतनिसाच्या हातात असते, ती किंचित हलते, मागे-पुढे सरकते, आणि चूक अक्षरावर बोट गेले की तो 'पुढे चल' म्हणतो किंवा गप्प राहतो. मुलांना अशी खूण फार लवकर कळते. म्हणून अमेरिकेच्या वाचा-श्रवणतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली सोमाबाईंच्या पद्धतीचीही शिफारस करू नये असे सांगितले. २०२० साली व्हर्जिनिया विद्यापीठात पाटी वापरणाऱ्या ९ जणांच्या डोळ्यांची हालचाल मोजली गेली. बोट पोहोचण्याआधी त्यांची नजर अक्षरावर जात होती, म्हणून विचार त्यांचाच असावा असे संशोधक म्हणाले. पण पाटी तिथेही दुसऱ्यानेच धरली होती, आणि मदतनिसाला ठाऊक नसलेली गोष्ट मुलाला विचारून बघण्याची साधी परीक्षा त्यात नव्हती. २०२४ साली तर 'टेलिपथी टेप्स' नावाच्या श्राव्य कार्यक्रमाने या मुलांना दुसऱ्याच्या मनातले वाचता येते असा डांगोरा पिटला. आईच्या मनातला आकडा मुलगा पाटीवर बरोबर दाखवतो, कारण पाटीशी आईच असते! चमत्कार म्हणून जे दाखवले, तोच शब्द मुलाचे नसल्याचा पुरावा होता.

आम्ही हा विषय आपल्या साप्ताहिकात का घेतला? बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी पत्र काढले तेव्हा त्याचे नाव 'मूकनायक' ठेवले. आपल्याला जीभ होती, पण आपले म्हणणे कोणी ऐकत नव्हते, आणि आपल्या वतीने दुसरेच बोलत होते. १९३१ च्या गोलमेज परिषदेत वाद झाला तो याच मुद्द्यावर, की अस्पृश्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा. आपल्या तोंडी दुसऱ्याचे शब्द घातले जाण्याचे दुःख ज्या समाजाने भोगले, त्या समाजातील आईबापांनी आपल्या मुलाच्या तोंडी दुसऱ्याचे शब्द घालू देऊ नयेत, मग ते शब्द कितीही गोड असोत.

आमच्या परिचयात एक कुटुंब आहे. वडील सफाई खात्यात, आई घरकामाला जाते. मुलगा अकरा वर्षांचा, बोलत नाही. एका खाजगी केंद्रात पाटीचे वर्ग सुचवले गेले. तासाला १,२०० रुपये, आठवड्याला तीन तास, म्हणजे महिन्याला १४,४०० रुपये. पतपेढीतून कर्ज काढायचे ठरत होते, आणि हिशेब लिहून द्यावा म्हणून ते आमच्याकडे आले. सोबत कागद होता. त्यावर मुलाने पाटीवर दाखवलेले म्हणून इंग्रजीत सुरेख वाक्य लिहिलेले होते, आईवर प्रेम असल्याचे. घरात कोणी इंग्रजी बोलत नाही, मुलगा शाळेत जेमतेम दोन वर्षे गेलेला. आईने विचारले, "भाऊ, हे माझं पोरगंच बोलतंय ना?"

आम्ही उत्तर दिले नाही, तपासून बघायला सांगितले. बापाने मुलाला खाली दुकानात न्यावे, काहीतरी घेऊन द्यावे, आणि पाटी धरणाऱ्या बाईंना ते सांगू नये. मग बाईंनी पाटीवर विचारावे, बाबांनी काय घेतले? एकदा चुकले म्हणून निकाल लावू नये, मूल दमलेले असू शकते. हसतखेळत, वेगवेगळ्या दिवशी, दहा वेळा करावे. केंद्राने नकार दिला. परीक्षा घेणे म्हणजे मुलावर अविश्वास दाखवणे, असे त्यांचे म्हणणे. कालामांना तथागतांनी सांगितले की ऐकीव गोष्टीवर, ग्रंथावर किंवा गुरूच्या शब्दावरही विसंबू नका, स्वतः पारखून घ्या. जे पारखू देत नाहीत त्यांना महिन्याला १४,४०० रुपये देण्याचे कारण आम्हाला दिसले नाही. कर्जाचा अर्ज परत घेतला गेला.

मुलगा मग सरकारी रुग्णालयातील उपचार केंद्रात चित्रांच्या कार्डावर शिकू लागला. हवे त्या वस्तूचे चित्र उचलायचे आणि समोरच्याच्या हातात द्यायचे. त्याने आपणहून दिलेले पहिले चित्र वडापावचे होते. बापाला वाक्यांची आशा होती, तो थोडा खट्टू झाला. पण तो वडापाव कोणीही त्याचा हात धरून मागवलेला नव्हता.

असे साधन घरीही करता येते. बिस्किटाच्या पुड्याचे रिकामे वेष्टन, चपलेचा, पाण्याच्या तांब्याचा, आजीचा फोटो, हे सगळे पुठ्ठ्यावर चिकटवावे. सुरुवात दोनतीन चित्रांपासून करावी, आणि चित्र दिले की ती वस्तू लगेच द्यावी. मोबाइलवर आयआयटी मुंबईने तयार केलेले 'जेलो' नावाचे ॲप फुकट मिळते, त्यात मराठीही आहे. चित्र दाबले की फोन शब्द बोलतो. यामुळे मूल बोलायचे राहील ही भीती खोटी आहे. अशा साधनांनी बोलणे खुंटत नाही, काही मुलांचे थोडे वाढते, असेच अभ्यासांत आढळले आहे. मूल अक्षरे ओळखू लागले तर अक्षरपाटीही जरूर करावी. मराठीसाठी व्यंजनांच्या ओळी आणि काना, मात्रा, वेलांटी, उकार यांची वेगळी ओळ ठेवावी, कारण 'क' नंतर 'काना' दाखवला की 'का' होतो हे इंग्रजी पाटीत शिकवता येत नाही. फक्त ती पाटी कोणी हातात धरू नये. टेबलाला किंवा भिंतीला पक्की बसवावी, आणि मुलाच्या हाताला, खांद्याला कोणी स्पर्श करू नये. कोणाच्याही आधाराविना स्वतः टंकलेखन करणारी न बोलणारी माणसे जगात आहेत. तिथे पोहोचायला कित्येक वर्षे लागतात, आणि सगळे पोहोचत नाहीत.

शेवटी हक्कांचे. १९९५ च्या कायद्यात ऑटिझमचे नाव नव्हते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात ते आहे. जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड काढून घ्यावे. आधार कार्ड, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि जुने केसपेपर सोबत न्यावेत. प्रमाणपत्रात ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असेल तर ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत १ लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. मूल १८ वर्षांचे झाल्यावर कायदेशीर पालक नेमण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करता येतो.