विश्लेषण : कॅनरी किती लहान असावी? पक्षी प्रदर्शनांच्या गुणतक्त्यावरून वाद कशासाठी?

मुठीत मावेल एवढा पक्षी आणि डोक्यावर वाटी ठेवून कापल्यासारखा गोल तुरा. ब्रिटनमध्ये तयार झालेली ग्लॉस्टर कॅनरी आज जगभरातील पक्षी प्रदर्शनांत दिसते. मात्र बक्षीस घेणारे पक्षी मूळ कल्पनेपेक्षा मोठे आणि जाड पिसांचे होत चालल्याची तक्रार पाळणाऱ्यांमध्येच आहे. त्यामुळे परीक्षणाचा गुणतक्ता बदलावा, असे एका गटाचे म्हणणे आहे, तर दुसऱ्या गटाला ते मान्य नाही. विषय हौसेचा वाटतो, पण त्याचा परिणाम पक्ष्याच्या अंगावर होतो.

गुणतक्त्यात काय आहे?

कॅनरीच्या प्रत्येक जातीसाठी आदर्श पक्षी कसा असावा, हे त्या जातीचे क्लब लिहून ठेवतात. ग्लॉस्टरच्या पारंपरिक ब्रिटिश तक्त्यात १०० पैकी २० गुण तुऱ्याला, २० शरीराच्या ठेवणीला, १५ पिसांना आणि १५ आकाराला आहेत. उरलेले गुण चाल, तब्येत, शेपूट आणि पाय यांत वाटलेले आहेत. युरोप खंडातील प्रदर्शनांत परीक्षक प्रत्यक्ष गुण लिहितात. ब्रिटनमध्ये बहुतेकदा पिंजरे शेजारी ठेवून पक्ष्यांची तुलना होते. तक्ता परीक्षकाच्या डोक्यात असतो.

तुरेवाल्या ग्लॉस्टरला ‘करोना’ म्हणतात (हे नाव विषाणूच्या साथीच्या कितीतरी आधीचे आहे), तर साध्या डोक्याच्या ग्लॉस्टरला ‘कॉन्सॉर्ट’. जोडी जमवताना एक करोना आणि एक कॉन्सॉर्ट घेतात. त्याला कारण आहे. तुऱ्याचे जनुक आई आणि वडील दोघांकडूनही आले तर ते पिल्लू जगत नाही. दोन तुरेवाल्यांची जोडी लावल्यास सरासरी चारातला एक गर्भ याच कारणाने जातो.

‘लहानपणाकडे कल’ म्हणजे नेमके किती?

वादाचे मूळ इथे आहे. चेल्टनहॅमच्या रॉजरसन बाईंनी तयार केलेले हे पक्षी १९२५ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील प्रदर्शनात जाणकारांच्या नजरेत भरले. त्या काळी तुरेवाल्या कॅनरी आकाराने मोठ्या झाल्या होत्या. लहान चणीचा तुरेवाला पक्षी, हेच ग्लॉस्टरचे वेगळेपण होते. म्हणून तक्त्यात आकारापुढे ‘लहानपणाकडे कल’ अशा अर्थाचे शब्द आले. इंच मात्र लिहिले गेले नाहीत.

आता तक्त्यातील गणित पाहा. भरलेली मान, गोलाकार छाती, दाट पिसे या गोष्टी ठेवण आणि पिसांच्या ३५ गुणांमध्ये येतात. आकाराचे १५. थोडा मोठा पण गोलमटोल पक्षी आकारात काही गुण गमावून बाकीच्या रकान्यांत ते वसूल करू शकतो. पाळणारेही मग तसेच पक्षी वाढवतात.

पिसांच्या गाठी कशा होतात?

गोलमटोल दिसण्याचा जवळचा रस्ता पिसांमधून जातो. कॅनरीची पिसे दोन प्रकारची असतात. ‘यलो’ प्रकारात पीस अरुंद असते आणि रंग टोकापर्यंत पोहोचतो. ‘बफ’ प्रकारात पीस रुंद, मऊ आणि कडेला फिकट असते, जणू त्यावर दव गोठले आहे. पारंपरिक जोडी एक यलो आणि एक बफ अशी. पिढ्यानपिढ्या बफला बफच लावत गेले, तर पिसे अधिक लांब व दाट होतात आणि पक्षी भरदार दिसू लागतो.

याची किंमत पक्षी मोजतो. असे पीस काही वेळा कातडीतून बाहेरच पडत नाही. ते आतल्या आत वळते आणि पाठीवर किंवा पंखावर गाठ धरते. गाठ फुटते, रक्त येते, पुन्हा भरते. अनेकदा शस्त्रक्रियेशिवाय इलाज नसतो. हा त्रास ग्लॉस्टर आणि नॉर्विच या दोन जातींमध्ये विशेष दिसतो.

नॉर्विचचे उदाहरण तर जुने आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठ्या जातींशी संकर करून नॉर्विचचा आकार वाढवण्यात आला. त्यासोबत गाठीही वाढल्या आणि शेवटी लांबीवर मर्यादा घालावी लागली. आज ती सुमारे सव्वासहा इंच आहे.

मग इंच लिहून टाकायला अडचण काय?

बदलाच्या बाजूचे लोक फाइफ कॅनरीकडे बोट दाखवतात. बॉर्डर ही एकेकाळी चिमुकली मानली जाणारी जात मोठी होत गेली, म्हणून १९५० च्या दशकात स्कॉटलंडमध्ये लहान बॉर्डरची ‘फाइफ’ ही वेगळी जात उभी राहिली. तिच्या तक्त्यात आकाराला तब्बल २५ गुण आहेत आणि लांबी सव्वाचार इंचांपेक्षा (सुमारे ११ सेंमी) जास्त नको, असे स्पष्ट लिहिले आहे.

विरोधकांचा मुद्दाही पोकळ नाही. लांबीला मर्यादा बॉर्डरच्या तक्त्यातही आहे, साडेपाच इंचांची. पट्टी लांबी मोजते, घेर नाही. शिवाय पिंजऱ्यात उड्या मारणाऱ्या पक्ष्याला पट्टी लावणार कोण? नियम अचानक बदलला तर वीस-पंचवीस वर्षे जपलेला वंश एका हंगामात निकामी ठरेल, ही भीती वेगळीच.

पण आकड्यापेक्षा मोठी अडचण दुसरी आहे. गाठ आलेला पक्षी प्रदर्शनात आणलाच जात नाही. परीक्षकासमोर येतो तो त्याचा सुदृढ भाऊ, आणि बक्षीस त्याच वंशाला मिळते. कुत्र्यांबाबत ब्रिटनच्या केनल क्लबने टीकेनंतर २००९ मध्ये जातींचे निकष बदलले. जर्मनीत तर वेदनादायी प्रजननाला प्राणी संरक्षण कायद्याच्या कलम ११ब नुसार मनाई आहे आणि १९९९ च्या तज्ज्ञ अहवालात तुरेवाल्या कॅनरींचाही विचार झाला. क्लबांनी स्वतः बदल केला नाही, तर तो बाहेरून येऊ शकतो.

आपल्याकडे कॅनरी पाळणाऱ्यांनी ग्लॉस्टर घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. पाठीवरची आणि पंखांवरची पिसे हलकेच बाजूला करून गाठ नाही ना, याची खात्री करावी. आणि जोडी घ्यायची असेल तर दोन्ही पक्षी तुरेवाले घेऊ नयेत, दुकानात ती जोडी कितीही देखणी दिसली तरी.