तबकडीवरून आलेला बाज
आयर्लंडच्या स्लायगो परगण्यात १८९१ साली जन्मलेला मायकेल कोलमन हा फिडलवादक १९१४मध्ये अमेरिकेला गेला. १९२१पासून न्यूयॉर्कमध्ये त्याच्या तबकड्या निघू लागल्या. नाचासाठी घोळवून वाजवायच्या चाली तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांत बसवाव्या लागत. या तबकड्या मायदेशी पोहोचल्या आणि गावोगावचे वादक त्या पुन्हापुन्हा लावून शिकू लागले. एरवी घरच्या किंवा शेजारच्या जाणत्याकडून मिळणारी विद्या आता ग्रामोफोनच्या भोंग्यातून येऊ लागली. तिने अनेक चाली टिकवल्या, वादनाची इयत्ताही उंचावली. मात्र डोनेगॉल, क्लेअरसारख्या परगण्यांचे स्वतःचे बाज झाकोळले. परदेशी गेलेल्या वादकाचे स्लायगोचे वळण साऱ्या देशासाठी प्रमाण ठरले.